तरंगंबाडीची धुळाक्षरे

धुळाक्षरे ही चीज आपल्या शाळांतून केव्हाच नाहीशी झाली. शब्द मात्र भाषेत राहिला आहे. एखाद्या नव्या विद्येला कोणी नुकताच हात घातला असेल, तर तो अजून धुळाक्षरेच गिरवतो आहे असे आपण म्हणतो. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळ पसरून तीवर मुले खरोखरच बोटाने अक्षरे गिरवीत असत. दक्षिणेतील तमिळ पंतोजींची रीतही हीच होती. तेथे समुद्रकाठची बारीक वाळू धुळीचे काम करी.

1706 सालच्या पावसाळ्यानंतर कावेरीच्या मुखप्रदेशातील तरंगंबाडी या लहानशा बंदरात अशीच एक शाळा भरत होती. पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसलेला एक चोविशीतला जर्मन तरुण वाळूत बोटाने तमिळ स्वर-व्यंजने गिरवीत होता. त्याच्या शेजारी त्याच्याहून काही वर्षांनी मोठा असा त्याचा एक सोबती होता. धाकट्याचे नाव बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग. थोरल्याचे हाइनरिश प्ल्यूत्शाउ. दोघेही दीक्षित धर्मोपदेशक होते. डेन्मार्कच्या राजाने त्यांना या देशात पाठविले होते ते शिकविण्यासाठी. येथे आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, पहिले काम शिकण्याचे आहे, आणि तेही अगदी तळापासून.

भारतातील प्रॉटेस्टंट मिशनच्या इतिहासात हे दोघे आद्य पुरुष मानले जातात. त्या इतिहासाचे भक्त आणि टीकाकार दोघेही बहुधा पुढच्या फळांकडे पाहतात: किती माणसे बाटली, किती शाळा निघाल्या, कोणते ग्रंथ छापले गेले. प्रस्तुत लेखकाला कुतूहल आहे ते पहिल्या दोन-तीन वर्षांचे. आपल्यापैकी पुष्कळांना नोकरीच्या निमित्ताने परमुलखात जावे लागते. तेथील भाषा कानांवर नुसता गलका म्हणून आदळत असते, आणि आपण तर तेथे कारभार करायला गेलेले असतो. तेव्हा तरंगंबाडीच्या वाळूत बसलेला तो तरुण आपल्याला तसा परका नाही.

त्सीगेनबाल्गचा जन्म 1682 साली सॅक्सनीतील पुल्सनिट्स या गावी झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले आणि थोरल्या बहिणीने त्याला वाढविले. प्रकृती जन्माचीच तोळामासा. शिक्षण गेर्लिट्स, बर्लिन आणि शेवटी हाल्ले असे तुकड्यातुकड्यांनी झाले, कारण दुखण्यामुळे मधूनमधून सगळे सोडून घरी परतावे लागे. हाल्ले येथे त्या काळी आउगुस्ट हेर्मान फ्रांके हा मोठा करारी पुरुष होता. अनाथ मुलांसाठी आश्रम, गरिबांसाठी शाळा, औषधशाळा, छापखाना असा प्रपंच त्याने तेथे उभारला होता. धर्म म्हणजे केवळ शास्त्रार्थ नव्हे, अंतःकरणाचा पालट आणि अंगमेहनतीची सेवा होय, अशी या 'पाएटिस्ट' पंथाची शिकवण होती. बायबल मुळातून वाचता यावे म्हणून विद्यार्थ्यांना ग्रीक आणि हिब्रू शिकवीत. सामान्य माणसाला मात्र ते त्याच्या स्वतःच्या बोलीत मिळाले पाहिजे, असा आग्रह असे. मूळ भाषेचा आदर आणि लोकभाषेची निकड हे हाल्लेचे दोन्ही संस्कार त्सीगेनबाल्गच्या अंगी मुरले. तमिळ शिकविणारे मात्र हाल्लेत तेव्हा कोणी नव्हते.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याला आपल्या हिंदुस्थानातील वसाहतीत धर्मप्रसारक पाठवावेत अशी इच्छा झाली, तेव्हा त्याच्या राज्यात तशी माणसे मिळेनात. म्हणून हे दोन जर्मन निवडले गेले. कोपनहेगनच्या बिशपला ते पसंत नव्हते. त्याने परीक्षेत त्यांना प्रथम नापास केले, आणि राजाचा हुकूम आल्यावर दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण केले. 11 नोव्हेंबर 1705 रोजी त्यांना दीक्षा मिळाली, आणि महिनाअखेर ते जहाजावर चढले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, सात महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून, 9 जुलै 1706 रोजी ते तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागले.

तरंगंबाडी हे गाव डेन लोकांनी 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून करार करून घेतले होते आणि तेथे डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला होता. पुढे नायकांचे राज्य गेले आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली. त्सीगेनबाल्ग उतरला तेव्हा त्या गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे होते. 1684 ते 1712 हा त्यांचा राज्यकाल. म्हणजे डेन लोक ज्या भूमीचे भुईभाडे दरसाल भरीत, त्या भूमीचा धनी मराठा होता. हे शहाजीराजे स्वतः मोठे रसिक. तेलुगूत त्यांनी यक्षगाने रचली आणि 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटकही त्यांच्या नावावर आहे. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तमिळ प्रजेवर राज्य करणारा मराठी राजा तेलुगूत काव्य करीत होता, आणि त्याच्याच मुलखाच्या कडेला एक जर्मन तमिळ मुळाक्षरे गिरवीत होता. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा दक्षिण देश भाषांच्या बाबतीत आपल्या आजच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच मोकळा होता.

परंतु हा मोकळेपणा किल्ल्याच्या आत नव्हता. डेन कंपनीला व्यापार हवा होता, धर्मप्रसार नको होता. तंजावरच्या फौजेने थोड्याच वर्षांपूर्वी तरंगंबाडीला वेढा घातला होता आणि मद्रासच्या इंग्रजांच्या मदतीमुळे गाव कसेबसे वाचले होते. तेव्हा कोणी उपटसुंभ धर्माच्या नावाने राजाची इतराजी ओढवून घेईल, ही धास्ती कंपनीच्या लोकांना वाटली असल्यास नवल नाही. किल्ल्याचा मुख्य हासियुस याने या दोघांचे स्वागत केले ते असे की, राजाचे पत्र हाती असूनही त्यांना उन्हात ताटकळत उभे राहावे लागले. रात्रीच्या निवाऱ्याची सोय अखेर एका कनिष्ठ नोकराच्या कृपेने झाली. राजधानीचा हुकूम घेऊन आलेल्या माणसाला स्थानिक अंमलदार कसा थंडपणे वागवितो, याचे वर्णन नोकरीपेशातल्या वाचकांपुढे लांबविण्याची गरज नाही.

बंदरात व्यवहाराची भाषा मोडकी पोर्तुगीज होती. युरोपीय घरांतील नोकरचाकर आणि मिश्र वंशाचे लोक तीच बोलत. पोर्तुगीज शिकून, जोडीला एखादा दुभाष्या ठेवून, काम भागविता आले असते. बहुतेक गोरे तेवढ्यावरच भागवीत. या दोघांनी वाटणी केली. प्ल्यूत्शाउने पोर्तुगीजवर भर द्यायचा आणि त्सीगेनबाल्गने तमिळ घ्यायची असे ठरले. प्रजेची भाषा तमिळ होती, आणि प्रजेशी दुभाष्याच्या तोंडून बोलणे म्हणजे भिंतीआडून बोलणे होय, हे त्याने पहिल्या काही आठवड्यांतच जाणले.

पण तमिळ शिकायची कशी? हाती व्याकरण नव्हते की कोश नव्हता. त्यांनी एका सत्तरीच्या घरातल्या वृद्ध पंतोजीला गाठले आणि त्याने आपली शाळाच यांच्या घरात भरवावी असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. वाळूतली अक्षरे तिथली. परंतु पंतोजीला पोर्तुगीज येत नव्हती आणि यांना तमिळ येत नव्हती. अक्षर ओळखता येई, शब्द वाचता येई, अर्थ मात्र बाहेरच राही. हा अडसर दूर केला तो अळगप्पा नावाच्या गृहस्थाने. तो पूर्वी कंपनीचा दुभाष्या होता. त्याला पोर्तुगीज, डॅनिश, जर्मन आणि डच या भाषा बोलता येत. त्सीगेनबाल्गने त्याला पगारी नोकर म्हणून ठेवून घेतले, आणि मग भाषा उलगडू लागली. आठ महिन्यांच्या आत तो लोकांशी तमिळमध्ये संभाषण करू लागला.

पुढील काळातील त्याच्या दिनक्रमाची हकीकत त्याच्या पत्रांतून मिळते. सकाळी सात ते आठ, आधी टिपून ठेवलेल्या शब्दांची आणि वाक्प्रचारांची उजळणी. आठ ते बारा, तमिळ ग्रंथांचे वाचन. त्या वेळी एक वृद्ध कवी आणि एक लेखक जवळ बसलेले असत. कवीने अडलेल्या जागांचा अर्थ सांगायचा, लेखकाने नवे शब्द टिपून घ्यायचे. दुपारच्या जेवणाच्या वेळीही कोणी तरी वाचून दाखवी. तीन ते पाच पुन्हा ग्रंथ. रात्री दिव्याच्या उजेडात ताडपत्रे वाचून डोळे शिणत, म्हणून दुसऱ्याकडून वाचून घेऊन तो नुसते ऐके. ज्याची शैली आपल्या बोलण्यालिहिण्यात यावी असे वाटे, तोच ग्रंथकार तो निवडी, आणि त्यातला एकही शब्द वा वळण अनोळखी राहू नये म्हणून काही ग्रंथ शंभर-शंभर वेळा वाची. या पद्धतीत नवे असे काही नाही. आपल्या पाठशाळांतून घोकंती, आवृत्ती आणि श्रवण यांवरच विद्या उभी राहत आली. विशेष हा की, युरोपच्या विद्यापीठातून आलेल्या माणसाने ही पद्धत कमीपणाची मानली नाही.

ग्रंथ मिळविण्याची त्याची युक्तीही सांगण्यासारखी आहे. तो आपल्या लेखकांना दूरदूरच्या गावी धाडी. विद्वान ब्राह्मणांच्या विधवांजवळ पतीमागे पडून राहिलेल्या पोथ्या असत आणि त्या थोडक्या पैशांत मिळून जात. 1708 पर्यंत त्याने अशा एकशेएकोणीस तमिळ ग्रंथांची टिपणांसह यादी केली. तिच्यात तिरुक्कुरळसारख्या ग्रंथापासून मुलांच्या नीतिपाठांपर्यंत सर्व काही होते. तीन लहान नीतिग्रंथांचे जर्मन भाषांतरही त्याने त्याच वर्षी केले. कोशासाठी चाललेली शब्दांची भर पुढे चाळीस हजारांवर गेली, आणि काव्यातील शब्दांसाठी त्याने वेगळा कोश केला. एकीकडे ज्ञानाची ही कळकळ दिसते. दुसरीकडे एका निराधार बाईने घरातली विद्या मोडीच्या भावाने विकलेली दिसते. इतिहासात या दोन गोष्टी एकाच व्यवहारात येतात. त्यांतली एक झाकून दुसरी दाखविणे बरे नव्हे.

या अभ्यासाने त्सीगेनबाल्गच्या मनात जे घडले ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. युरोपातल्या बहुतेकांप्रमाणे तोही हे लोक रानटी आहेत, त्यांना विद्या नाही, शिस्त नाही, असे समजून आला होता. त्यांच्या भाषेला नियम असतील अशीसुद्धा त्याची कल्पना नव्हती. भाषा येऊ लागली, पुस्तके वाचून झाली, तेव्हा त्याने कबूल केले की, आपला समज चुकीचा होता. या लोकांत युरोपीय पंडितांप्रमाणेच शास्त्रे आहेत, लेखी परंपरा आहे आणि नीतीचा विचार तर फारच उंच आहे. अशी कबुली त्या काळच्या युरोपीय माणसाकडून, आणि तीही धर्मोपदेशकाकडून यावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि या कबुलीचा भलताच अर्थ करू नये. मूर्तिपूजा हा अंधार आहे आणि त्यातून या लोकांना बाहेर काढणे हे आपले काम आहे, हा त्याचा विश्वास शेवटपर्यंत अढळ राहिला. कुरळातील नीतीपुढे त्याने मान झुकविली, पण तिचा निष्कर्ष त्याने आपल्या धर्माच्याच पदरात टाकला. ज्या गावात राहून तो ही विद्या शिकत होता, तेथील देवळांतल्या मूर्तींविषयी त्याचे बोलणे तेथल्या लोकांना सुखावणारे खासच नव्हते. आदर आणि अवहेलना एकाच मनात शेजारीशेजारी नांदू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

शिवाय या शिकण्याची किंमत एकट्या शिकणाऱ्याने मोजली नाही. अळगप्पाला तरंगंबाडीतून हद्दपार व्हावे लागले. पुढे तंजावरच्या मुलखात, आपल्या धर्मातील गुह्य गोष्टी परक्यांना सांगितल्याच्या आरोपावरून, त्याच्या पायांत बेड्या पडल्या. त्या राज्याचा धनी आपला मराठी राजा होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. वृद्ध पंतोजीचा मुलगा गणपती वाद्यार हा स्वतः कवी होता. त्याने 1709 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घरच्यांचा रोष ओढवून घेतला. बापाने परक्याला अक्षरे दिली आणि घरात दुफळी आली. विद्यादानाचा हा परिणाम त्या वृद्धाने वाळू पसरताना मनात आणला नसेल.

खुद्द त्सीगेनबाल्गलाही किल्ल्याने स्वस्थ राहू दिले नाही. भाषा आल्यामुळे लोक आपली गाऱ्हाणी घेऊन त्याच्याकडे येऊ लागले होते. अशाच एका विधवेच्या देण्याघेण्याच्या तंट्यात तो तिच्या बाजूने पडला. हासियुसला हा आपल्या अधिकारात हस्तक्षेप वाटला आणि 1708 च्या नोव्हेंबरात त्याने त्याला डान्सबोर्ग किल्ल्यात कैद केले. सुटका झाली ती चार महिन्यांनी. त्याच वर्षी, म्हणजे 1709 साली, त्याने तंजावर गाठण्याचाही प्रयत्न केला. परंतु पुढे गेल्यास पकडले जाण्याचे भय असल्याने तो अर्ध्या वाटेतून परत फिरला. ज्या राजधानीत त्याच्या जोडीला बसतील असे पंडित होते, तिचे दार त्याला उघडले नाही.

पुढची हकीकत झपाट्याने सांगता येईल. बायबलच्या नव्या कराराचे तमिळ भाषांतर त्याने 1711 च्या मार्चमध्ये पुरे केले. लंडनहून छापखाना आणि हाल्लेहून तमिळ खिळे आले. खिळे फार मोठे आणि कागद थोडा, म्हणून लहान खिळे तरंगंबाडीतच ओतले गेले, आणि 1714-15 मध्ये ग्रंथ छापून निघाला. तमिळ छपाई त्याच्या आधी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जेझुइटांनी सुरू केली होती. त्यांच्या तमिळ पुस्तकांचा उपयोग त्सीगेनबाल्गनेही करून घेतला. मराठीच्या अभ्यासकाला येथे गोव्याच्या फादर स्टीफन्सची आणि 1616 साली रायतूर येथे छापलेल्या त्याच्या ओवीबद्ध 'क्रिस्तपुराणा'ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तोही परदेशी, तोही धर्मप्रसारक, आणि त्यानेही आधी येथली वाणी आत्मसात केली.

परंतु त्सीगेनबाल्गची खरी कसोटी लागली ती तरंगंबाडीत नव्हे, हाल्लेत. बायबलचे भाषांतर चालू असतानाच तो दुसरेही काही लिहीत होता. येथल्या लोकांच्या धर्मकल्पना, आचार, देवदेवता यांविषयी त्याने त्यांनाच विचारून आणि त्यांचेच ग्रंथ वाचून माहिती जमविली. तमिळ लोकांना प्रश्न धाडून त्यांची लेखी उत्तरे मागविली. त्यांतली बरीच पत्रे अळगप्पाच्या हातची असावीत, असे अभ्यासक मानतात. 1713 साली त्याने दक्षिणेतील देवदेवतांच्या वंशावळीवर एक मोठा ग्रंथ लिहून पुरा केला आणि छापण्यासाठी फ्रांकेकडे पाठविला. ग्रामदेवतांपासून त्रिमूर्तीपर्यंत सर्वांची हकीकत त्यात होती.

फ्रांकेने तो छापला नाही. मिशनऱ्यांना पाठविले आहे ते पाखंड उखडून काढण्यासाठी, त्याच्या भाकडकथा युरोपात पसरविण्यासाठी नव्हे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. फ्रांके कोत्या मनाचा माणूस नव्हता. अनाथांसाठी त्याने आयुष्य वेचले होते. पण त्याला आपल्या माणसाकडून एका ठरलेल्या कामाचे अहवाल हवे होते. ज्या लोकांत तो माणूस राहत होता त्यांची हकीकत त्याने मागितलेलीच नव्हती. मुख्य कचेरीने विचारलेले प्रश्न निराळे आणि जाग्यावर गेलेल्या माणसाला दिसलेले निराळे, हा पेच फार जुना आहे. शिकवायला धाडलेला माणूस शिकून काही परत पाठवू लागला, तर ते ठेवायला पाठविणाऱ्याकडे जागा नसते.

हा ग्रंथ 1867 पर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, तसाच पडून राहिला. अखेर तो छापला गेला तो मद्रासला. तमिळ समाजावरील त्याच्या दुसऱ्या ग्रंथाला तर 1926 साली आम्स्टरडॅममध्ये छापखाना पाहायला मिळाला. आज अठराव्या शतकाच्या आरंभीच्या दक्षिणेतील लोकधर्माचा अभ्यास करणाऱ्यांना त्याच्या प्रवचनांपेक्षा हे नाकारलेले ग्रंथच अधिक मोलाचे वाटतात.

त्सीगेनबाल्ग 1714 ते 1716 या काळात युरोपला जाऊन आला. त्या प्रवासात एक तमिळ तरुण त्याच्याबरोबर होता. लॅटिनमध्ये लिहिलेले त्याचे तमिळ व्याकरण 1716 साली हाल्लेत छापले गेले. यात एक गोष्ट साधली: पुढे तरंगंबाडीस निघणाऱ्या तरुणांना वाळूपासून आरंभ करण्याची गरज उरली नाही. 1750 साली आलेला श्वार्ट्झ हाल्लेहून तमिळचा पाया घालूनच आला होता. तंजावरचे दार, जे त्सीगेनबाल्गला बंद होते, ते श्वार्ट्झला उघडले. भोसल्यांच्या दरबारात त्याला मान मिळाला. बाल सरफोजीराजांचा तो पालक झाला. सरस्वती महालाला वैभव देणाऱ्या आणि बृहदीश्वराच्या देवळात 1803 साली आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविणाऱ्या या राजाने, धर्म न बदलता, आपल्या त्या गुरूचे संगमरवरी स्मारक तंजावरच्या ख्रिस्ती देवळात उभारले. कोणाकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विवेक सरफोजीराजांना पुरता होता.

त्सीगेनबाल्ग हे पाहायला उरला नाही. 23 फेब्रुवारी 1719 रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो तरंगंबाडीतच वारला. आदल्या वर्षी बांधून झालेल्या आपल्या देवळात त्याला पुरले. डेन लोकांनी 1845 साली ते गाव इंग्रजांना विकले आणि किल्ल्यावरचे निशाण बदलले. तरंगंबाडी आज तमिळनाडूच्या मयिलादुतुरै जिल्ह्यात आहे. किल्ला उभा आहे, त्सीगेनबाल्गचे देऊळ उभे आहे. चौदाव्या शतकातल्या पांड्यकालीन शिवालयाचा काही भाग समुद्राने गिळला आहे.

कामानिमित्त त्या बाजूला गेलेल्या मराठी माणसाने तंजावरचा वाडा आणि सरस्वती महाल पाहावा, हे सांगावे लागत नाही. आपले म्हणून आपण ते पाहतोच. एक दिवस हाती असेल तर त्याने तरंगंबाडीही पाहावी. आणि परतताना वाटेत एखाद्या तमिळ पाटीवरचे एक अक्षर कोणाला तरी विचारून, लावून पाहावे. त्सीगेनबाल्गला कोश, व्याकरण, छापखाना हे सगळे स्वतः उभे करावे लागले. आपल्यासाठी ते पुस्तकाच्या दुकानात तयार आहे. फक्त एखाद्या पोरासारखे खाली बसण्याची तयारी पाहिजे, आणि चाळिशी उलटलेल्या अंमलदाराला तीच सर्वांत जड जाते.